कडक म्हणजे किती कडक?

प्रश्न : माझ्याकडे 1298 सीसीची 16 व्हॉल्व्हची जिप्सी आहे. हेड खोललंच आहे, तर जास्त लिफ्टची कॅमशाफ्ट टाकून घ्यावी म्हणतो. आमचे मिस्त्री म्हणतात, ‘स्प्रिंगा कडक टाका, बाकी काही बघू नका.’ कडक म्हणजे किती? आणि जुन्याच स्प्रिंगांखाली शिम टाकून भागेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मिस्त्रींचं निम्मं बरोबर आहे. कॅम व्हॉल्व्ह फक्त उघडतो, मिटवायचं काम स्प्रिंगचं. इंजिन 6000 फेऱ्यांवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो-मिटतो. त्या फेऱ्या 7000 वर नेल्या तर वाढ सहाव्या हिश्शाचीच, पण व्हॉल्व्हला कॅमच्या मागे धरून ठेवायला लागणारं बळ वर्गाच्या हिशेबाने, म्हणजे सुमारे 36 टक्क्यांनी वाढतं. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह तरंगतो, सीटवर आपटून उसळतो आणि नशीब फिरलं तर पिस्टनला भेटतो. डुकाटीने या भानगडीवर 1956 मध्येच उपाय काढला : व्हॉल्व्ह मिटवायलाही वेगळा कॅम दिला. रेनोने 1986 मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा वापरली. आपल्याला मात्र तारेवरच भागवायचं आहे.

पण ‘कडक’ हा आकडा नव्हे. तीच स्प्रिंग किती उंचीत बसवली यावर तिचा दाब ठरतो. व्हॉल्व्ह मिटलेला असताना खालच्या बैठकीपासून वरच्या रिटेनरच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर, ही बसवलेली उंची. समजा ती 36 मिमी आहे, तिथे स्प्रिंग 25 किलोने दाबते आणि प्रत्येक मिमीला 3 किलो वाढवते. लिफ्ट 10 मिमी असेल तर पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवर दाब 55 किलो. हे आकडे हिशेबापुरते. तुमचे आकडे कॅमसोबतच्या कागदावर मिळतील. लिफ्ट मात्र व्हॉल्व्हवरची धरा. कॅमवर मोजलेली लिफ्ट रॉकरच्या गुणोत्तराने बदलते.

आता मशीन शॉपमध्ये सीट कापून घेतली आणि व्हॉल्व्ह 1 मिमी आत गेला, तर उंची 37 होते आणि 3 किलो गेले. कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून सोळाही व्हॉल्व्ह एकेक करून मोजायचे; एक मोजून पंधरा गृहीत धरायचे नाहीत. शिम टाकायची ती इथे, वाढलेली उंची पुन्हा जागेवर आणायला.

यानंतरची तपासणी बहुतेक ठिकाणी वगळली जाते. वरच्या उदाहरणात उघड्या व्हॉल्व्हला स्प्रिंग 26 मिमी उरते. तिचे वेढे एकमेकांना टेकतात ती उंची 24 मिमी असेल तर 2 मिमी मोकळीक आहे, ठीक. साधारण 1.5 मिमीपेक्षा कमी नको. रिटेनर आणि गाईडवरचं ऑइल सील यांच्यातही तेवढीच जागा हवी. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर बघायला पिस्टनवर प्लॅस्टिसिन थापा, बेल्ट खुणेवर लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, मग हेड काढून ती चकती कापून जाडी मोजा. इनटेकला निदान 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तापून जास्त वाढतो.

मग सरळ सगळ्यात कडक स्प्रिंगच का नको? कारण कॅमच्या टोकावर सर्वात जास्त भार येतो तो आयडलवर. वेगात व्हॉल्व्हचं वजनच स्प्रिंगच्या विरुद्ध ओढत असतं, त्यामुळे टोक जरा हलकं होतं. आयडलवर ती सूट नाही, शिवाय तेलाचा थरही पातळ. रोज सिग्नलला उभी राहणारी गाडी कॅम आणि रॉकर खाते ती अशी. त्यामुळे कॅम बनवणाऱ्याने सांगितलेला दाबच द्या, आणि फेऱ्यांची मर्यादा स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. खरोखर 7000 वर जाणार नसाल तर त्या दाबाचे पैसे खर्चू नका. हलका रिटेनर मिळाला तर उत्तमच. हलवायचं वजन घटलं की स्प्रिंगही सौम्य चालते.

जुन्या स्प्रिंगांचं म्हणाल, तर शिमने दाब वाढतो हे खरं. पण जितकी शिम जाड, तितकी वेढे टेकायला उरलेली जागा कमी, आणि लिफ्ट तर तुम्ही वाढवणार आहात. तार थकलेली असेल तर शिम तिला तरणी करत नाही. नवा संच घ्या, आणि हेड बंद करण्याआधी सोळा उंच्या कागदावर लिहून घ्या.