गाडीची कुरकुर

प्रस्तावना

मोटारगाडी ही एके काळी मोजक्या श्रीमंतांच्या दारातील वस्तू होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ग्राहकांच्या हाती पडू लागली आणि शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार अशा मंडळींनाही ‘आपणही कधीतरी गाडी घेऊ’ असे म्हणण्याचे धैर्य आले. त्या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या जुन्या गाड्या आजही अनेक कुटुंबांचा आणि कित्येकांच्या पोटापाण्याचा आधार आहेत. गाडी घेताना हिशेब होतो तो किमतीचा आणि पेट्रोलचा. लहानसहान दुरुस्त्यांचा हिशेब मात्र सहसा कोणी करत नाही आणि मनस्ताप होतो तो त्यांचाच.

या पाठात गाडी दुरुस्त कशी करावी हे शिकवलेले नाही. ते काम कारागिराचे आहे. गाडीची तक्रार ओळखावी कशी आणि ती कारागिराला नेमक्या शब्दांत सांगावी कशी, एवढाच या पाठाचा विषय आहे. पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला आवाजांसाठी मराठीत रूढ असलेले शब्द अचूक वापरता येतील आणि एखाद्या बिघाडाचे मुद्देसूद वर्णन लिहिता येईल.

मूळ पाठ

‘कुरकुर’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. नव्या वहाणा कुरकुरतात आणि कामाला कंटाळलेला माणूसही कुरकुरतो. पहिला केवळ आवाज आहे, दुसरी तक्रार आहे. गाडीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. तिचा नवा आवाज ही बहुधा तक्रारच असते. गाडी एकाएकी बंद पडली असे मालक म्हणतो, तेव्हा बऱ्याच वेळा ती त्याआधी आठ-पंधरा दिवस काहीतरी सांगत असते. रेडिओचा आवाज वाढवून ते सांगणे ऐकू येईनासे करणे, हा आपल्याकडील फार लोकप्रिय उपाय आहे!

गॅरेजमध्ये रोज ऐकू येणारे एक वाक्य पाहा : “मिस्त्री, गाडीला काहीतरी झालंय, बघा जरा.” हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण त्यातून मिस्त्रीला काहीच कळत नाही. त्याला अंदाजाने काम करावे लागते. अंदाज चुकला तर नको तो भाग बदलला जातो, पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो. मग मालक म्हणतो, मिस्त्रीने फसवले. मिस्त्री म्हणतो, मालकाला धड सांगता येत नाही. आता दुसरे बोलणे ऐका :

“पुढच्या डाव्या चाकातून करकर येते. ब्रेक हलका दाबला की येते.”

“सकाळी पहिल्यांदाच येते, की दिवसभर?”

“दिवसभर, साहेब. चार दिवस झाले. काल जरा वाढलीय.”

या तीन वाक्यांत निम्मी दुरुस्ती झाली आहे. आवाज कोठून येतो, केव्हा येतो, किती दिवसांपासून येतो आणि तो वाढतो आहे का, हे सारे त्यांत आले. ‘सकाळी पहिल्यांदाच का?’ हा मिस्त्रीचा प्रश्नही लक्षात घेण्याजोगा आहे. पावसाळी रात्री गाडी उघड्यावर उभी राहिली की ब्रेकच्या लोखंडी चकतीवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिले दोन-चार ब्रेक मारताना तो खरवडला जातो आणि खरखर थांबते. त्यात काळजीचे कारण नाही. दिवसभर येणारी करकर मात्र वेगळी गोष्ट सांगते. अनेक गाड्यांच्या ब्रेक पॅडला पोलादाची एक लहान पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजत झिजत ठरावीक जाडीवर आला की ती पट्टी चकतीला घासू लागते आणि किरकिरते. म्हणजे हा बिघाडाचा आवाज नसून बनवणाऱ्यांनी योजून ठेवलेली सूचना आहे. ती ऐकली तर केवळ पॅड बदलून भागते. न ऐकली तर पॅडचा मसाला संपतो, त्यामागचा पत्रा चकतीवर घासतो, चकतीला खोल चरे पडतात आणि खर्च कैक पटींनी वाढतो. पैशांचे सोडा, अशा गाडीपुढे ऐनवेळी एखादे लहान मूल आले, तर ती वेळेवर थांबेलच असे सांगता येत नाही.

इतर आवाजांचेही असेच आहे. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना ‘टकटक’ ऐकू आली, तर बहुधा चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा झिजलेला असतो. त्या सांध्यावर घडीघडीचे रबरी आवरण असते. ते फाटले की आतले ग्रीस बाहेर उडते आणि धूळ आत जाते. फाटलेले आवरण वेळीच बदलले तर सांधा वाचतो. इंजिन सुरू करताच ‘चिर्रर्र’ असा आवाज येऊन थोड्या वेळाने थांबत असेल, विशेषतः दमट हवेत, तर पट्टा सैल झाला आहे किंवा झिजला आहे असे समजावे. हाच पट्टा बॅटरी भारित करणारे यंत्र फिरवतो. त्यामुळे पट्ट्याची कुरकुर दुर्लक्षिली तर काही दिवसांनी सेल्फ मारताना नुसतेच ‘टक’ होते आणि दिवे मंदावतात. अर्थात बॅटरी ‘उतरण्याचे’ कारण दरवेळी एवढे दूरचे नसते. पुष्कळदा तिच्या टोकांवर पांढरट-हिरवट क्षार साचलेले असतात. ते स्वच्छ करून जोड घट्ट केले की गाडी पुन्हा उठते. हे काम घरी करता येते; मात्र जोड सोडवताना ऋण टोक आधी सोडवावे आणि लावताना ते शेवटी लावावे, म्हणजे पाना गाडीच्या पत्र्याला लागून ठिणगी उडत नाही.

सर्वांत जुनी तक्रार गाडी तापण्याची. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी ज्यांनी चालवली, त्यांना बोरघाट वेगळा समजावून सांगावा लागत नाही. द्रुतगती महामार्ग होण्यापूर्वी उन्हाळ्यात त्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग दिसे. कारण साधे होते. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये हळू चालते; इंजिन जोरात फिरून भरपूर उष्णता निर्माण करते, पण समोरून येणारा वारा कमी पडतो. त्यातच पेट्रोलची नळी आणि पंप तापले की पेट्रोलची वाफ होई आणि वाफेला पुढे ढकलणे पंपाला जमत नसे. गाडी झटके देऊन थांबे. मग अनुभवी चालक पंपावर ओले फडके ठेवून झाडाखाली बसत. पंप निवला की गाडी काही झालेच नाही अशा थाटात सुरू होई. आजच्या गाड्यांत पंप पेट्रोलच्या टाकीत असतो आणि इंधन दाबाखाली येते, म्हणून ते फडके इतिहासजमा झाले. पद्मिनीची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

तापण्याचा धोका मात्र निवृत्त झालेला नाही आणि येथे अर्धवट माहिती जिवावर बेतते. गाडी तापली की रेडिएटरचे झाकण उघडून पाणी ओतण्याची अनेकांना घाई होते. आतले पाणी बंदिस्त असते, त्यावर दाब असतो आणि त्या दाबामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, पाणी क्षणात उसळते आणि चेहरा, हात भाजून निघतात. म्हणून काटा लाल रेषेकडे जाऊ लागताच एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण सुरू करावा. ऐन वैशाखात हीटर लावणे वेडेपणाचे वाटेल. पण गाडीतला हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची थोडी उष्णता ओढून घेतो. मग सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण निवल्याखेरीज झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले तर धातूला तडा जाण्याची भीती असते, ती वेगळीच.

धूरही बोलतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन जास्त जाते आहे. दाट पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरत असावे. थंडीच्या सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ यात मोजू नये. समोरच्या दिव्यांपैकी लाल दिवा आणि पिवळा दिवा यांतला फरक घरातील प्रत्येक चालकाला ठाऊक असावा. तेलाच्या झारीचे लाल चित्र उजळले तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ असे म्हणू नये; जागीच बाजूला थांबावे. वंगणाविना इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते.

परंतु सगळेच भाग कुरकुरत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. रोजच्या वापरात काही जाणवत नाही. लांबलचक घाट उतरताना मात्र तापलेल्या ब्रेकमध्ये त्या ओलाव्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलण्याची रीत आहे. टायमिंगचा रबरी पट्टा अनेकदा काहीही न सांगता तुटतो आणि काही इंजिनांत त्यामुळे आतले भाग एकमेकांवर आदळतात. टायरवरील नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो कायद्यानेही बाद ठरतो. शिवाय रबर वयानेही कडक होते. टायरच्या बाजूवर उमटवलेल्या चार आकड्यांतून त्याचे वय कळते : ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालातील तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना रंग आणि सीट कव्हर पाहणारे पुष्कळ असतात. हे चार आकडे वाचणारे थोडे.

अशा मुक्या भागांसाठी कान उपयोगी पडत नाहीत, वही पडते. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला काय बदलले आणि किती पैसे दिले, एवढे लिहिले तरी पुरे. मालक बदलला तर ती वहीही गाडीबरोबर जावी.

शेवटी कारागिराविषयी. आपल्याकडील बहुसंख्य मिस्त्री शाळेत नव्हे, गॅरेजमध्ये शिकले. लांब पेचकसाचे टोक इंजिनवर टेकवून मुठीला कान लावायचा आणि कोणता बेअरिंग घरघरतो हे ओळखायचे, ही विद्या त्यांनी उस्तादाकडे पाहून उचलली. डॉक्टर छातीला नळी लावतात त्याहून ही गोष्ट तत्त्वतः वेगळी नाही. त्यांच्याकडे संशयाने पाहत उभे राहणे जसे चूक, तसे डोळे मिटून बिल चुकते करणेही चूक. कामापूर्वी खर्चाचा अंदाज विचारावा, काढलेला जुना भाग दाखवण्यास सांगावा, पावती घ्यावी. ‘हा का बदलला?’ या प्रश्नाचा चांगल्या मिस्त्रीला राग येत नाही. उलट तो झिजलेला भाग हातात देऊन सांगू लागतो.

भाषाभ्यास

‘करकर’, ‘टकटक’, ‘घरघर’, ‘खडखड’ या शब्दांत आवाजाचे अनुकरण असून एकच ध्वनी पुन्हा आला आहे. त्यांना अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द म्हणतात. त्यांपासून क्रियापदेही होतात, जसे घरघरणे, खडखडणे. गॅरेजमधील बोलीही पाहण्यासारखी आहे : गाडी ‘उठत नाही’, ‘ओढत नाही’, ‘मिसिंग मारते’, ‘ऑइल खाते’. निर्जीव यंत्राला येथे सजीवांच्या क्रिया दिल्या आहेत. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो, तो शब्द फार दुरून आला. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी रस्त्यावरच्या कारागिरांनी १९०४ च्या सुमारास असे चाक विकायला काढले. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले आणि ते भारतात घरोघर पोहोचले.

पाठगत प्रश्न

१. सकाळची खरखर आणि दिवसभराची करकर यांत काय फरक आहे? दोन-तीन वाक्यांत लिहा.

२. तापलेल्या गाडीचे झाकण लगेच का उघडू नये?

३. खुळखुळ, धडधड, फुरफुर, किरकिर हे शब्द कोणकोणत्या आवाजांसाठी वापरतात? प्रत्येकाचे वाक्य करा.

४. तुमच्या वापरातील सायकल, रिक्षा, गाडी किंवा शिलाई यंत्र यांपैकी एकाचा बिघाड आठवा. कारागिराला सांगत आहात अशा रीतीने त्याचे वर्णन आठ ओळींत लिहा. ‘काहीतरी’ हा शब्द वापरू नका.