एका लॅपटॉपवर दोन इंजिनं

माझी नोकरी रेल्वे इंजिनावर गेली. तेव्हा मुंबईकडची तार १५०० व्होल्ट डीसीची, नाशिककडची २५,००० व्होल्ट एसीची आणि दोन्हींची गाठ इगतपुरीत. एक इंजिन सुटायचं, दुसरं लागायचं. तेवढ्यात प्रवासी फलाटावर वडा खाऊन घ्यायचे. पुढे डब्ल्यूसीएएम-३ आलं, दोन्ही तारांखाली चालणारं. त्यामुळे भाचा म्हणाला, "मामा, विंडोज राहू दे, शेजारी लिनक्स मिंट टाकू," तेव्हा मला नवल वाटलं नाही. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते आणि सातव्या पिढीच्या माझ्या प्रोसेसरला विंडोज ११ दारात उभं करेना.

१. आधी बॅकअप. सगळे सांगतात, करत कुणी नाही. मी केला, तोही बायकोने मुलीच्या लग्नाच्या फोटोंची आठवण काढली म्हणून.

२. विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, म्हणजे बिटलॉकर, चालू आहे का ते पाहा. असेल तर बायोसमध्ये काही बदललं की ते ४८ आकडी किल्ली मागू शकतं. मी ती त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवली होती! मायक्रोसॉफ्टच्या खात्यात एक प्रत निघाली, म्हणून वाचलो.

३. नव्या पाहुण्यासाठी जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच काढा. मी ६० जीबी काढली. आणि हे काम आषाढात नको. आमच्याकडे पाऊस लागला की वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि जुनी बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते.

४. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की शटडाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून त्या डिस्कवरच्या फाइली दिसतात, पण बदल सेव्ह होत नाही. इंजिनाचा तारेला टेकणारा पेंटो वर ठेवून ड्रायव्हर घरी गेल्यासारखं ते.

५. घड्याळाने मला सर्वांत जास्त छळलं. लिनक्समधून विंडोजमध्ये आलो की वेळ साडेपाच तास मागे. ज्याने जन्मभर मिनिटांचा हिशेब दिला, त्याला हे कसं सोसावं? मदरबोर्डवरचा सेल संपला असेल म्हणून नाशिकला जाऊन नवा टाकून आणला. घरी आलो, तरी तेच. दुकानदाराला मनातल्या मनात बरंच बोललो. बिचाऱ्याचा दोष नव्हता. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज ती इथलीच समजून वाचतं. भारतीय वेळेतला साडेपाच तासांचा फरक तो हाच. भाच्याने टर्मिनलमध्ये एक ओळ टाकून लिनक्सलाही स्थानिक वेळ लिहायला लावलं. सेलचे पैसे मात्र गेले.

६. विंडोज का ठेवलं, असं पुष्कळ जण विचारतात. नवं मराठी टायपिंग दोन्हीकडे सारखंच, इनस्क्रिप्टवर बोटं आपोआप पडतात. पण आमच्या सोसायटीची जुनी इतिवृत्तं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्यांत आत असतं इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. लिनक्सवर तो फॉन्ट नव्हता. फाइल उघडली आणि अध्यक्षांच्या भाषणाचा नुसता कचरा दिसला. (तसं ते मुळातही फार वेगळं नव्हतं.)

७. एका अपडेटनंतर लिनक्स की विंडोज असं विचारणारा सुरुवातीचा मेनूच गायब झाला, थेट विंडोज उघडलं. लिनक्स पुसलं गेलं असं समजून घाबरू नका. बायोसच्या बूट यादीत त्याला पुन्हा वर आणलं की झालं. मिंट तिथे 'उबंटू' नावाने बसलेलं असतं, त्यामुळे पहिला अर्धा तास मी भलतंच शोधत होतो.

आता लॅपटॉप सुरू केला की तो काळा मेनू दहा सेकंद थांबतो. बायकोला तेवढंही थांबवत नाही. इंजिन बदलायला याच्या कितीतरी पट वेळ लागायचा, असं मी तिला सांगतो. ती म्हणते, "तेव्हा वडा तरी मिळायचा."