हॉप वेलीची वाढ

वेली आपण नित्य पाहतों. परंतु त्या वर कशा चढतात याचा विचार क्वचितच करितों. या प्रश्नाचें उत्तर हॉप नामक वेलीपासून उत्तम मिळतें, म्हणून तिच्या संवयींची माहिती आम्ही येथें देत आहों.

ही वेल थंड हवेच्या प्रदेशांतील आहे. इंग्लंडांत केंट परगण्यांतील तिचे मळे प्रसिद्ध असून तेथें ती घरच्या बागेंतही लावितात. मादी वेलीस शंकूसारखीं बोंडें येतात. त्यांनीं बिअर या पेयास कडवटपणा येतो. वनस्पतिशास्त्रांत हिची गणना भांगेच्या कुळांत होते.

हॉपला काकडीसारखे ताणे नसतात. तिचें खोडच आधाराभोंवतीं गुंडाळतें, व त्यावरील राठ, आंकडेदार केसांमुळें तें घसरत नाहीं. आधार मिळेपर्यंत कोवळा शेंडा हवेंत फेऱ्या घालून त्याचा शोध घेतो. चार्ल्स डार्विन यांनीं आजारपणांत आपल्या खोलींत कुंडींतील हॉप ठेवून ही गति पाहिली व १८६५ सालीं प्रसिद्ध केली. उष्ण दिवसांत एका फेरीस सरासरी २ तास ८ मिनिटें लागत. वरून पाहिल्यास या फेऱ्या घड्याळाच्या कांट्याप्रमाणें होतात. आपला घेवडा मात्र उलट दिशेनें चढतो. वेलीची ही दिशा ठरलेली असते. उलट गुंडाळलेला शेंडा सुटून पुन्हां आपल्याच रीतीनें वळूं पाहतो. घेवड्यावर हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं अवश्य करावा.

हॉपचें जमिनींतील मूळखोड अनेक वर्षें जगतें. वरची वेल मात्र दर हिवाळ्यांत सुकून जाते. पहिल्या वर्षीं वेल बेताचीच वाढते व बोंडेंही थोडींच येतात, कारण तिची बरीच शक्ति मुळें पसरण्यांत खर्ची पडते. अधीर मनुष्य निराश होऊन ती उपटून टाकितो, आणि जमिनीखालीं जें सांठत होतें त्यास मुकतो. धीर धरणारास पुढें एकाच उन्हाळ्यांत २० फूट चढणारी वेल लाभते. वसंतांत अनेक कोंब एकदम फुटतात. त्यांतील दोनतीन सशक्त तेवढे राखून बाकीचे छाटावे लागतात. जूनअखेर दिवस लहान होऊं लागले कीं बाजूच्या फांद्यांस फुलोरा येतो, व सप्टेंबरच्या सुमारास बोंडें तयार होतात.

वर कांहीं दिसत नाहीं एवढ्यावरून वाढ थांबली असें समजूं नये. मुलांच्या पहिल्या वर्षाच्या गुणांकडे पाहतांना आईबापांनीं, आणि स्वतः मुलांनींही, ही गोष्ट ध्यानीं ठेवावी, अशी आमची विनंति आहे.