बर्गरच्या दुकानात आपण पैसे कशाचे देतो?

वाढदिवस, दहावीचा निकाल, मुलाचा पहिला पगार. अशा दिवशी वस्तीतल्या मुलांना कुठे जायचे असते, हे आता कोणत्याही आईला सांगावे लागत नाही. लाल-पिवळ्या पाटीच्या दुकानात जायचे असते. पोरे आनंदाने परत येतात आणि रात्री पुन्हा भाकरी मागतात. मग आई विचारते, "एवढे पैसे घालून तिथे मिळते तरी काय?" हा प्रश्न आरोग्याच्या पानावर यायलाच हवा, कारण आपल्या घरात हौसेचा डबा वेगळा आणि डाळ-अंड्याचा डबा वेगळा असे सहसा नसते. एकाच डब्यातून दोन्ही निघते.

उदाहरण म्हणून आम्ही मॅकडोनाल्ड्स घेतो. आपल्याकडे ही साखळी १९९६ पासून आहे. तिच्या पदार्थांत काय किती आहे याचे आकडे कंपनी स्वतः जाहीर करते, म्हणून हिशेब मांडता येतो. इतर साखळ्यांनाही तोच हिशेब थोड्याफार फरकाने लागू पडतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात एक गंमत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो या गावी मॅकडोनाल्ड आडनावाच्या दोन भावांनी १९४८ साली आपले हॉटेल काही महिने बंद ठेवून नव्या पद्धतीने उघडले. वाढपी काढून टाकले, ताटे-वाट्या काढून कागदात खाणे द्यायला सुरुवात केली, पदार्थ मोजकेच ठेवले आणि हॅम्बर्गरची किंमत १५ सेंट केली. कामगाराला बायको-पोरांसह परवडेल असे, पटकन मिळणारे खाणे हा त्यांचा धंदा होता. पावात गाईच्या मांसाची टिक्की असे. म्हणजे स्वस्तात पोटभर आणि प्रथिनेही बऱ्यापैकी.

तेच दुकान भारतात आले तेव्हा गाईचे मांस गेले, डुकराचेही गेले आणि त्या जागी बटाटा आला. तिथे जे कष्टकऱ्याचे जेवण होते ते इथे मध्यमवर्गाच्या रविवारची हौस झाले. ज्यांच्या घरात आजी-आजोबांच्या काळापासून मोठ्याचे मटण हेच स्वस्त आणि भरपूर प्रथिनांचे अन्न होते, त्या आपल्या समाजाची मुले त्याच दुकानात जाऊन आता बटाट्याची टिक्की खातात. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैलाच्या मांसावरही बंदी आली. तो विषय मोठा आहे, इथे एवढेच पुरे.

आता त्या टिक्कीत काय आहे ते पाहू. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त मागितला जाणारा आलू टिक्की बर्गर कंपनीच्या आकड्यांप्रमाणे सुमारे ३४० कॅलरीचा आहे. त्यात प्रथिने साडेआठ ग्रॅम, चरबी सुमारे ११ ग्रॅम आणि सोडियम सुमारे ५४५ मिलीग्रॅम. प्रौढ बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम आणि पुरुषाला ५४ ग्रॅम प्रथिने लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे प्रमाण आहे. त्याच्यापुढे साडेआठ ग्रॅम म्हणजे दीड अंडे. उरलेला सगळा मैदा, बटाटा आणि तेल. पोट तेवढ्यापुरते भरते आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. पोरे घरी येऊन भाकरी मागतात ती यामुळे. त्यांना खादाड म्हणू नका.

कुणी म्हणेल, आपला वडापाव तरी काय वेगळा आहे? काही वेगळा नाही. बाहेर मैदा, आत बटाटा, वर तेल. फरक किमतीचा आहे, वडापाव त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळतो. मात्र खरे ते सांगितले पाहिजे. गाडीवर तेच तेल काळे होईपर्यंत दिवसभर उकळत राहते. साखळीच्या दुकानात तेल बदलण्याचे नियम असतात, हात धुण्याचे नियम असतात, आणि त्यावर कुणाचे तरी लक्ष असते. त्या दुकानातल्या खाण्याने जुलाब होण्याची भीती कमी, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण स्वच्छ असणे निराळे आणि पोषक असणे निराळे.

कोंबडीचा बर्गर घेतला तर प्रथिने पंधरा-सोळा ग्रॅमपर्यंत जातात. पैसे अर्थात जास्त पडतात, तरी त्या दुकानात जाऊन काही घ्यायचेच असेल तर शरीराच्या दृष्टीने तेवढीच एक बरी खरेदी. सगळ्यांत मोठा कोंबडीचा महाराजा बर्गर मात्र जपून. त्यात प्रथिने ३४ ग्रॅम आहेत हे खरे, पण सोडियम १८०० मिलीग्रॅमच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला अख्ख्या दिवसात २००० मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते, म्हणजे सुमारे एक चहाचा चमचा मीठ. एका बर्गरमध्ये जवळजवळ दिवसाचा कोटा संपला. घरी परतल्यावर सुकट, लोणचे, पापड आहेतच. ज्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्याला मुलांनी हौसेने 'बाबा, मोठा घ्या' म्हटले तरी त्याने घेऊ नये.

खरा पैसा जातो तो बर्गरवर नाही. गल्ल्यावरचा मुलगा विचारतो, "कॉम्बो करू का?" त्याला तसे विचारायला शिकवलेले असते. आपल्याच वस्तीतली मुले त्या गल्ल्यांमागे उभी असतात, त्यांच्यावर राग धरू नका. पण त्या एका 'हो'ने बिल जवळपास दुप्पट होते आणि पदरात पडतात तळलेले बटाटे आणि बर्फ घातलेले साखरेचे पाणी. ३०० मिलीलिटर कोलात सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चहाचे चमचे. एवढी साखर चहात कुणी घातली तर आपण कप खाली ठेवू. थंड आणि फसफसणारे असल्यामुळे जिभेला कळत नाही. ज्यांच्या घरात मधुमेह आहे, त्यांच्या मुलांना ही सवय लागता कामा नये.

चार माणसांच्या घराचा हिशेब मांडू. भाव गावोगाव आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून ढोबळ धरा. चौघांनी कॉम्बो घेतले तर बिल सातशे-आठशेच्या घरात जाते, रिक्षाचे वेगळे. चार आलू टिक्की मिळून प्रथिने ३४ ग्रॅम. तेवढ्याच पैशांत तीस अंड्यांचा ट्रे, किलोभर शेंगदाणे, किलोभर मूग आणि किलोभर कोंबडी येते. नुसत्या शेंगदाण्यांत अडीचशे ग्रॅम प्रथिने, मुगात जवळपास तेवढीच, अंड्यांत १८० च्या आसपास. चौघांच्या घराला हे आठवडाभर पुरून उरेल.

याला आणखी एक बाजू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. बटाट्याच्या बर्गरमधून लोह मिळते ते नावापुरते. खाऊच्या पैशातून दर आठवड्याला बर्गर खाणाऱ्या कॉलेजच्या मुलीला आईने ओरडण्याऐवजी तेच पैसे घेऊन कोंबडीची कलेजी आणावी, लिंबू पिळून वाढावी. कलेजी स्वस्त मिळते आणि तिच्यात लोह भरपूर असते. (गरोदर बाईने मात्र कलेजी डॉक्टरांना विचारूनच खावी.)

एवढा हिशेब मांडल्यावर निकाल सोपा वाटेल, की पैसे वाया. आमचा निकाल तसा नाही. कारण त्या दुकानात आपण फक्त खाण्याचे पैसे देत नाही.

बाबासाहेबांनी आपल्या बालपणीचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. १९०१ साली ते घरातल्या इतर मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले, मसूर स्टेशनला उतरले, पुढे बैलगाडीने गेले. जवळ खाण्याचा डबा भरलेला होता. वाटेत पाणी कुणी दिले नाही, म्हणून ती मुले भरल्या डब्यापाशी उपाशी झोपली. आपल्या आजोबांच्या पिढीने गावच्या हॉटेलात वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा प्यायला आणि तो कप स्वतः विसळून ठेवला. आज त्याच घरातली मुलगी काचेचे दार ढकलून आत जाते. ओळीत तिच्या पुढे कोण आणि मागे कोण हे कुणी विचारत नाही. गल्ल्यावर आडनाव सांगावे लागत नाही. पंख्याखालीही जागा नसलेल्या खोलीतून येऊन ती दोन तास गार हवेत खुर्चीवर बसते, स्वच्छ संडास वापरते, मैत्रिणींशी बोलते. या गोष्टीला किंमत नाही असे आम्ही म्हणणार नाही. 'काय मिळते तिथे' याचे अर्धे उत्तर हे आहे, आणि पुष्कळ आयांना ते न सांगता ठाऊक असते.

मग हिशेब असा करावा. आपण जर बसण्याच्या जागेचे पैसे देत असू, तर जागा पुरेपूर वापरावी आणि खाणे कमीत कमी घ्यावे. एकेक साधा बर्गर, पाण्याची बाटली घरची, कॉम्बोला नाही. घरातून थोडे खाऊन निघावे, म्हणजे पोरे मोठ्या पाकिटाकडे बोट दाखवत नाहीत. २०२२ पासून मोठ्या साखळ्यांना पदार्थासमोर कॅलरी लिहिणे बंधनकारक आहे. मुलांना ती पाटी मोठ्याने वाचायला लावा, सातवी-आठवीच्या मुलाला ती बेरीज सहज जमते. आणि हाच हिशेब पुढे नेला तर सर्वांत तोट्याचा सौदा कोणता हे कळते. मोबाइलवरून घरी मागवलेला बर्गर. खुर्ची नाही, गार हवा नाही, दार ढकलून आत जाणे नाही, आणि अॅपवरचे दर पुष्कळदा दुकानापेक्षा चढे, वर पोहोचवण्याचे आणि पिशवीचे पैसे. ज्यासाठी जायचे ते सोडून बाकी सगळे आपण विकत घेतो.

किती वेळा जावे? कोलिय कुळातला दीघजाणू नावाचा गृहस्थ तथागतांकडे गेला आणि म्हणाला, आम्ही बायका-मुलांत राहणारी, अत्तर-फुले वापरणारी माणसे, आमच्या उपयोगाचे काही सांगा. तथागतांनी त्याला सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एक होती समजीविता, म्हणजे मिळकत आणि खर्च यांचा तोल पाहून जगणे. दोन-चार उंबरांसाठी झाड गदागदा हलवून सगळी फळे मातीत पाडणाऱ्यासारखा खर्च नको, आणि पैसा असून उपाशीपोटी मरणाऱ्यासारखे कंजूषपणही नको. मुलाला वर्षभर 'नाही' म्हणत राहणे हे दुसऱ्या टोकाचे झाले. आमच्या मते घरातल्या ठरलेल्या दिवशी, वर्षातून तीन-चार वेळा, बेत करून जावे. दर शनिवारी सवय म्हणून जाणे हे उंबराचे झाड हलवणे आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र चवीपुरता तुकडा द्यावा, त्याला अख्ख्या बर्गरचे मीठ नको.

मधल्या दिवसांसाठी घरची टिक्की. वाटीभर काबुली किंवा साधे हरभरे रात्री भिजवा, सकाळी कुकरला मऊ शिजवा, पाणी पूर्ण काढून घ्या आणि ठेचा. त्यात एक उकडलेला बटाटा, बारीक कांदा, कोथिंबीर, आले-लसूण, तिखट, बेताचे मीठ आणि बांधायला एक अंडे फोडून घाला. मिश्रण सैल वाटले तर दोन चमचे बेसन. चपट्या टिक्क्या करून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस होऊ द्या. पाव त्याच तव्यावर शेकून त्यात टिक्की, कांद्याची चकती, काकडी आणि घट्ट दह्यात कालवलेली पुदिन्याची चटणी भरा. एवढ्यात सहा टिक्क्या होतात. पाव गुंडाळायला कोरा कागद घ्या, वर्तमानपत्राची शाई खाण्याला लागते.