पर्यावरण शिकून पुढे काय?

"पर्यावरण शिकून पोरगी पोटापाण्याचं काय करणार?" नारायणगाव-मंचरच्या पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. इंजिनिअरिंगसारखी ठरलेली वाट इथे नाही. पण हा विषय झाडं लावण्यापुरता आहे, ही समजूत मात्र सोडा. गेल्या पन्नास वर्षांत त्याने देशोदेशींचे कायदे आणि व्यापार बदलले, आणि तो बदल तुमच्या बांधापर्यंत आला आहे.

द्राक्षबागायतदारांना 2010 चा हंगाम आठवत असेल. सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे, अंश मर्यादेबाहेर निघाले आणि भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. गोडी, मण्यांची फुगवण, काही कामी आलं नाही. ती मर्यादा युरोपीय संघाची. असे नियम कडक होण्यामागे तिथल्या ग्राहकांचा आणि पर्यावरण चळवळींचा रेटा असतो. आज ग्रेपनेट या निर्यात-नोंदणी प्रणालीवर बागेची नोंदणी आणि रेसिड्यू तपासणी झाल्याशिवाय युरोपला माल जात नाही. असे नियम मुळातून वाचणारी आणि जाचक वाटतील तिथे पुराव्यानिशी भांडणारी माणसं शेतकऱ्यांच्या बाजूला फार थोडी आहेत. ती इथूनच तयार व्हायला हवीत.

उसात वावरणाऱ्या बिबट्याचंही तेच. 1972 च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबी आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार मांडला. त्याच वर्षी आपला वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने बिबट्याच्या कातड्याचा जागतिक व्यापार रोखला. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याची भीती मात्र त्या करारात नाही. ती धोरणात आणायची तर दोन्ही बाजू कळणारा माणूस लागतो, आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहसारख्या बिबट्यांच्या भागात वाढलेल्या मुलांना त्यातली एक बाजू न शिकवता कळते.

आता वाटा. रसायनशास्त्र किंवा कृषी पदवी घेतली तर रेसिड्यू प्रयोगशाळा आहेत. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तर पुण्याजवळ मांजरीलाच आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. आंतरराष्ट्रीय करारांच्या वाटाघाटींच्या टेबलाशी बसायचं असेल तर परराष्ट्र सेवा, तिला कुठलीही पदवी चालते. भारतीय वन सेवेला मात्र ठरावीक विज्ञान विषय किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी लागते. नुसती कला शाखेची चालत नाही. म्हणून पालकांनो, अकरावीचा अर्ज भरण्याआधी यूपीएससीची पात्रता मुलांबरोबर बसून वाचा.