पोटातले पाणी काढल्यानंतर

“डॉक्टर, एकदा सुई घालून पाणी काढले की ते पुन्हा पुन्हा भरते म्हणतात. खरे का?” जलोदराच्या रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. पाणी पुष्कळदा पुन्हा भरते हे खरे. पण ते सुईमुळे नव्हे, मूळ आजारामुळे. यकृताचा सिरॉसिस हे त्याचे सर्वांत मोठे कारण. क्षय, कर्करोग, हृदयाचे व मूत्रपिंडाचे विकार यांतही पोटात पाणी होते. नेमके कशाने झाले आणि त्यात जंतुसंसर्ग आहे का, हे थोडे पाणी काढून तपासल्यावरच कळते. संसर्ग वेळीच सापडला नाही तर जिवावर बेतते; म्हणून भीतीपोटी ही तपासणी लांबवू नये.

पोट तडस लागून श्वास अपुरा पडू लागला की जास्त पाणी काढावे लागते. आधी रुग्णाला लघवी करून यायला सांगतात, म्हणजे भरलेल्या मूत्राशयाला सुई लागण्याचा धोका राहत नाही. वजन, रक्तदाब आणि बेंबीपाशी पोटाचा घेर यांची नोंद होते. मग जागा बधिर करून, बहुधा पोटाच्या खालच्या डाव्या भागात, सुई घालतात. सुश्रुतसंहितेतही बेंबीखाली डाव्या बाजूला चार अंगुळे सोडून छिद्र करायला सांगितले आहे. शिवाय सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये आणि नंतर पोट घट्ट गुंडाळावे, असेही. ही सूचना अनुभवातून आलेली दिसते. खूप पाणी एकदम निघाले की रक्ताभिसरणाचा तोल बिघडतो, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात.

आज यावर अल्ब्युमिनचे सलाईन आहे. सिरॉसिसच्या रुग्णाचे ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढले तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. वीस टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बाटलीत ते २० ग्रॅम असते. म्हणजे ६ लिटरला दोन-अडीच बाटल्या. बाटली महाग असते, त्यामुळे “नुसते पाणी काढा, बाटली राहू द्या” असा आग्रह होतो. काटकसर दुसरीकडे करावी, इथे नको. किती बाटल्या लागतील आणि रुग्णालयात त्या मिळतील का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

डोंबिवली-कल्याणहून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा मुंबईला जाणाऱ्यांनी परतीचा विचार आधीच करावा. पाणी काढल्यावर गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने येणे म्हणजे चक्कर येऊन पडण्याला आमंत्रणच. नाडी व रक्तदाब स्थिर होईपर्यंत रुग्णालयातच पडून राहावे. छिद्र डावीकडे असेल तर उजव्या कुशीवर झोपवावे, म्हणजे पाझर लवकर थांबतो. घरी आल्यावरही पट्टी वारंवार भिजत राहिली तर वर कापूस चढवत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

रोज सकाळी, शौचानंतर व न्याहारीपूर्वी, वजन करून वहीत लिहावे. मीठ दिवसाला एक लहान चमचा, तेही सगळ्या पदार्थांत मिळून. पापड, लोणचे, फरसाण बंद. सैंधव चालते हा गैरसमज आहे, तेही मीठच. डाळ, दूध, अंडी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोडू नयेत. या रुग्णांचे हातपाय आधीच काड्यांसारखे झालेले असतात. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. दारू थेंबभरही नको.

ताप, पोटात दुखणे, लघवी कमी होणे, काळी शौचास किंवा रक्ताची उलटी झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, घरच्यांची नावे चुकवतो, हात पुढे धरले की पंजे फडफडतात, हेही तितकेच गंभीर. “अशक्तपणा असेल” म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.