खाड्याच्या दिवसांची शिकवण

'खाडा' हा शब्द आमच्या घरात दोन वह्यांतून आला. एक शाळेचा हजेरीपट आणि दुसरी मुकादमाची वही. शाळेत मूल गेले नाही तर खाडा, उसाच्या फडात मजूर गेला नाही तरी खाडा. पहिल्या खाड्याला गुरुजींची बोलणी बसतात, दुसऱ्याला पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत विपरीत गोष्ट अशी, की आईबापांचा खाडा पडू नये म्हणून मुलांचा खाडा पडतो. अशा विस्कटलेल्या दिवसांतून माणूस काय शिकतो, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडील गावे रिकामी होतात व पाडव्याच्या आसपास भरतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून आधी 'उचल' घ्यायची आणि हंगामभर तोडणी करून ती फेडायची, असा हा व्यवहार आहे. मी आठवीत असताना मला सांभाळणारी आजी वारली. त्यामुळे नोव्हेंबर २०१९ मध्ये मलाही टोळीबरोबर सांगली जिल्ह्यात जावे लागले. वडील ऊस तोडीत, आई मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत वाहून नेई. मी कोपीवर भाकरी करून धाकट्या भावाला सांभाळीत असे.

तेथे मी पहिला धडा शिकले तो हिशेबाचा. वजनाच्या पावत्या वडील टोपीच्या घडीत ठेवीत. त्या मी माझ्या वहीत उतरवू लागले. सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. उचल ८०,००० रुपये, दर टनाला २४० रुपये आणि जोडीची रोजची तोडणी २ टन. म्हणजे दिवसाला ४८० रुपये. उचल फिटायला १६७ दिवस हवेत. पण हंगाम १३० दिवस चालला तर ६२,४०० रुपयेच फिटतात. उरलेले १७,६०० पुढच्या वर्षाच्या उचलीत जातात. घरखर्च व खाडे यांची कपात निराळीच. भागाकार मी चौथीतच शिकले होते. परंतु भागाकारातून घराची गोष्ट वाचता येते, हे फडावर कळले. हंगामाअखेर मुकादमाने हिशेब सांगितला तेव्हा वडिलांनी प्रथमच म्हटले, "थांबा, पोरीची वही बघू."

दुसरा धडा शिकविण्यातून मिळाला. २५ मार्च २०२० रोजी, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि आमची टोळी कारखान्यावरच अडकली. एप्रिलमध्ये शासनाने परतण्याची परवानगी देईपर्यंत टोळीतील पाच मुलांना मी धुळीत काडीने अक्षरे आणि वजाबाकी शिकविली. 'दशकाकडून एक उसना घ्यायचा,' असे मी म्हणताच एका मुलाने विचारले, "ताई, मग तो फेडायचा कधी?" सगळे हसले. त्याच्या घरची उचल मला ठाऊक होती, म्हणून मला हसू आले नाही. बराच विचार केल्यावर उलगडले की तेथे उसने काहीच नसते. एका दशकाचे दहा सुटे करायचे असतात, एवढेच. दहाची नोट मोडून मी त्याला ते समजावले. स्वतःला समजले आहे की नाही, हे दुसऱ्याला सांगताना कळते.

पुढे अकरावीत वाचनात आले की विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. 'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. यावरून 'संकट हाच खरा गुरू' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. तुरुंगात पुष्कळ माणसे होती. गुरुजींनी बरोबर नेली ती आईची आठवण आणि लिहिण्याची सवय. त्यातून पुस्तक झाले. संकट नुसता मोकळा किंवा कोंडलेला वेळ देते. शिकणे आधीच्या शिदोरीवर होते.

याचा पुरावा आमच्याच टोळीत होता. शेजारच्या कोपीत माझ्याच वयाची मुलगी होती. तोंडी हिशेबात ती माझ्याहून चपळ. तिची शाळा सहावीतच सुटली होती. त्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले आणि पुढल्या दिवाळीला ती स्वतःच अर्धा कोयता होऊन गेली. खाडा दोघींचाही तोच. माझ्याजवळ वही होती, आणि गावच्या गुरुजींनी माझे नाव पटावरून काढले नव्हते. त्या वर्षी पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्याने मी नववीत बसू शकले. म्हणून त्या दिवसांनी मला घडविले असे म्हणताना जीभ अडखळते. त्याच दिवसांनी तिचे शिक्षण कायमचे संपविले.

आपल्या महाविद्यालयातही दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात. ती मुले उनाडक्या करीत नसतात, हे प्राध्यापकांनी कृपया लक्षात घ्यावे. आणि मित्रमैत्रिणींनो, प्रत्येक वर्गात दोघांनी मिळून अशा एका विद्यार्थ्याच्या टिपणांची वही लिहावी व दर महिन्याला गावी परतणाऱ्या कोणाबरोबर किंवा फोनवर छायाचित्रे काढून ती पोहोचवावी. द्वितीय वर्षाच्या आमच्या वर्गात यंदा तीन वह्या सुरू झाल्या आहेत. मराठी व इतिहास भरले आहेत. अर्थशास्त्रासाठी सुवाच्य अक्षराचा विद्यार्थी हवा आहे.